गाळलेला अंतरा

"चार माणसांना चार कपाटांत कोंडायचं आणि वर सांगायचं, जवळिकीनं वाजवा," लेम माझ्या कानाशी पुटपुटला. "माझं दुसरं लग्न याहून कमी अंतरावर मोडलं."

पियानोच्या बाकावर तो माझ्या शेजारी बूड टेकून बसला होता आणि निम्म्याहून जास्त बाक त्यानंच अडवला होता. लेमुएल, आमचा ड्रमवाला. वय पंच्याहत्तरच्या पुढं, कुरकुर मात्र पाळण्यातली. समोर मार्टी, म्हणजे स्टुडिओचा मालक, आमच्या बँडच्या म्होरक्याला, हॉरेसला, सकाळपासून दुसऱ्यांदा समजावत होता, की प्रत्येकानं आपापल्या काचेच्या खोलीत बसून वाजवलेलं बरं. कुणाचं काही चुकलं तर तेवढंच बदलता येतं. सगळे एकाच खोलीत बसले की सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतो, मग दुरुस्ती करायची म्हटली तरी करता येत नाही.

"दुरुस्ती कशाला लागेल?" हॉरेसनं विचारलं.

लेमनं बाकाखाली माझ्या पायाला पाय लावला. मी पियानोच्या पट्ट्या पुसायला घेतल्या. तशा त्या स्वच्छच होत्या.

"हे बघ मार्टी," हॉरेस म्हणाला, "काचेतून मी आयुष्यात फक्त माझ्या धाकट्या भावाला भेटलोय, तो आत होता तेव्हा. लेमचं तोंड मला इथं, समोर हवं. सुंदर आहे म्हणून नव्हे."

"आभारी आहे," लेम म्हणाला आणि उठून आपल्या ड्रमकडे गेला.

म्हणजे आजही कालच्यासारखंच. एक मोठी खोली, मध्ये हॉरेस उंच स्टुलावर टेनर सॅक्सोफोन घेऊन, त्याच्या डाव्या हाताला मी, समोर लेम आणि आम्हा दोघांच्या मधोमध टेरेन्स, त्याच्याहून उंच असा बास मिठीत धरून. फिलाडेल्फियाच्या जर्मनटाऊन भागातली ही जागा पूर्वी लाँड्री होती. नळ्या तापल्या की भिंतीतून अजून खळीचा वास येतो. मला तो आवडतो. इस्त्री करता करता माझी आई जी गाणी म्हणायची, तीच तर आम्ही वाजवायला आलो होतो.

हॉरेस डनमोरचं नाव फिलाडेल्फियात झालं ते वेगावर. तरुणपणी तो असा वाजवायचा, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. रेकॉर्ड कंपन्यांना त्याच्याकडून तेच हवं असे आणि क्लबवाल्यांनाही. संथ गाणं संध्याकाळभरात एखादं, तेही लोकांना ग्लास भरून घ्यायला उसंत मिळावी म्हणून. पण ते एखादं गाणं सुरू झालं की कुणी ग्लास भरायला उठायचं नाही. आता एकोणऐंशीव्या वर्षी त्याला कुणीतरी विचारलं, तुम्हाला काय वाजवायचंय? तो म्हणाला, फक्त संथ. फक्त जुनी गाणी. "इतकी वर्षं लोकांनी मला पळताना पाहिलंय," असं आम्हाला सांगितलं त्यानं, "एकदा चालताना बघू देत." दुसरं काही नको होतं त्याला. हे रेकॉर्ड व्हावं आणि धड व्हावं.

मी व्हर्डेल. माझं शिक्षण चर्चच्या तळघरातल्या पियानोवर झालं, आणि शिकवणारं कुणी नव्हतं. कागदावरचं संगीत मला वाचता येतं ते कुणाचा पत्ता वाचता यावा तेवढंच. बाविसेक वर्षांपूर्वी एका मयताच्या जेवणाला मी वाजवत होते, तेव्हा हॉरेस हातात बटाट्याच्या सॅलडची बशी घेऊन पियानोपाशी येऊन उभा राहिला. बशी रिकामी होईपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "पोरी, तू चांगलं ऐकतेस." चांगलं वाजवतेस असं म्हणाला नाही. मला जरा रागच आला होता. पुढं कळलं, की त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही.

ही जुनी गाणी बहुतेक एकाच घडणीची असतात. मुखडा, पुन्हा तोच मुखडा, मग अंतरा आणि शेवटी परत मुखडा. मुखड्यात माणूस घरात असतो. अंतऱ्यात तो उठून बाहेर पडतो, जरा लांबवर जाऊन येतो. परत आल्यावर सूर पहिलेच असतात, पण कानाला ते पहिल्यासारखे लागत नाहीत. सगळी गंमत त्या फेरफटक्यात आहे. तो काढून टाकला तर गाणं नुसतंच खुर्चीत बसून राहतं.

मागच्या वसंतात, एका रविवारी दुपारी लॉजच्या, म्हणजे आमच्या बंधुमंडळाच्या, हॉलमध्ये हॉरेसनं अंतरा गाळला. दुसरा मुखडा संपला आणि तो सरळ शेवटच्या मुखड्यात शिरला. आमच्या धंद्यातली रीत अशी, की पुढं वाजवणारा जिथं असेल तिथं गाणं. तो वळला की आपण वळायचं. तो चुकला तर ती चूक होत नाही, आपण मागं राहिलो तर होते. मी वळले. लेमही वळला, ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशचा आवाजसुद्धा बदलला नाही. समोर बसलेल्या मंडळींना काही कळलं नाही आणि हॉरेसलाही नाही. कसं कळणार? त्याच्या मागून सगळं गाणं त्याच्याबरोबर आलं होतं.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. मी एक युक्ती बसवली. दुसरा मुखडा संपत आला की असा एक स्वरमेळ धरून ठेवायचा, की तो घरचाही वाटावा आणि बाहेरचाही, दारात उभं राहावं तसा, आणि कान हॉरेसच्या श्वासाकडे. मोठा श्वास घेतला की तो अंतऱ्याला निघाला. छोटा घेतला की मुखड्याला. लेमनं त्याचं काहीतरी बसवलं असणार. मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. टेरेन्स नंतर आला, सहा-सात महिन्यांपूर्वी. तिशीतला, घरंदाज वळणाचा, मोठ्यांसमोर टोपी काढणारा. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही, पण दोन रविवारांत तोही त्या दाराशी माझ्याबरोबर उभा राहायला लागला. कार्यक्रम संपला की आम्ही तिघं गाडीपर्यंत चालत जायचो आणि पार्किंगबद्दल बोलायचो. पार्किंगबद्दल इतकं बोलणारी माणसं या शहरातसुद्धा दुसरी नसतील.

काल मात्र तीन गाणी झाली आणि तिन्ही अगदी सुरळीत. प्रत्येक अंतरा जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. लेमनं तर मार्टीच्या कॉफीला चांगलं म्हटलं.

आज पहिलं गाणं छत्रीचं. एक माणूस एका बाईची छत्री परत करायला येतो, एवढंच गाणं आहे.

हॉरेसची एक सवय आहे. संथ गाणं वाजवण्याआधी तो त्याचे शब्द बोलून दाखवतो. गात नाही. दुकानदाराला पत्ता सांगावा तसे सरळ बोलतो. त्याचं म्हणणं, ज्याला शब्द माहीत नाहीत त्यानं ते गाणं वाजवू नये, तो नुसता बोटं हलवत असतो. पूर्वी नवा माणूस आला की तो त्याच्याकडूनही शब्द म्हणून घ्यायचा. टेरेन्सनं पहिल्या दिवशी लाजत लाजत म्हटले होते. त्याची आजी चर्चमध्ये गायची, त्यामुळं पास झाला.

हॉरेसनं सॅक्सोफोन मांडीवर आडवा घेतला, डोळे मिटले.

"तुझी छत्री परत द्यायला आलो. दार नाही उघडलंस तरी चालेल, कठड्याला अडकवून जातो." जरा थांबला. "तुझी छत्री परत द्यायला आलो. मूठ जरा झिजलीय. ती मीच झिजवली." परत थांबला. ओठ ओले केले. "तुझी छत्री परत द्यायला आलो. बाहेर पाऊस नाही. आलो, इतकंच."

डोळे उघडून त्यानं आमच्याकडे बघितलं. "एवढंच. घाई करायची नाही. माणूस पायऱ्यांवर उभा आहे, त्याला कुठं जायचं नाही."

अंतरा नव्हता. त्या पावसाच्या दिवसाबद्दलच्या, दोघांनी एका छत्रीतून चालण्याबद्दलच्या ज्या ओळी, त्या बोललाच नाही तो. आणि त्या ओळी नसल्या तर तो नुसता छत्री परत करणारा इसम. टपालवाला म्हणा ना.

"सर," टेरेन्स म्हणाला, "मध्ये ते..."

लेमला मोठा खोकला आला. चांगला लांबवला त्यानं. खोकला संपेपर्यंत टेरेन्सला समजलं, त्यानं खाली बघून बासची एक तार पिळली. ती सुरातच होती.

"काय रे?" हॉरेसनं विचारलं.

"काही नाही सर. संथ म्हणजे किती संथ, ते विचारत होतो."

"लेम जिना चढतो तेवढं."

आम्ही वाजवलं. त्या वाजवण्याबद्दल काय सांगू? हॉरेसच्या सुराला सुरुवातीला नुसती हवा असते, आवाज नंतर येतो. दार वाजवण्याआधी माणूस थबकतो, तसं. पहिला मुखडा त्यानं इतका हळू वाजवला, की लेमचे तारेचे ब्रश चामड्यावर फिरताना धुणं घडी केल्यासारखे ऐकू येत होते. दुसऱ्यात त्या झिजलेल्या मुठीपाशी त्यानं एकच सूर धरला आणि तो किंचित खाली सोडला, फार नाही, लाज वाटल्यावर मान जाते तेवढा. मी माझा स्वरमेळ धरून दाराशी उभी. श्वास छोटा आला. तो मुखड्यात गेला, आम्ही सगळे मुखड्यात गेलो, आणि कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं की या गाण्याला दुसरा रस्ता नव्हताच.

शेवटचा सूर विरला तसा मार्टीचा आवाज छताजवळच्या स्पीकरमधून आला. "कमाल आहे! मी पाच मिनिटं श्वास घेतलेला नाही. आणि अंतराच उडवलात तुम्ही! माझ्या बापाची हिंमत झाली नसती."

"काय उडवलं?" हॉरेसनं वर बघून विचारलं.

"माझी भूक," लेम म्हणाला. "म्हणजे झोप. मार्टी, जेवायचं काही आहे की नाही? ओडेसा आलेली दिसतेय, मासळीचा वास सुटलाय."

हॉरेस हसला. त्याला लेमचं तोंड खरंच लागतं, ते काही खोटं नाही. आणि रेकॉर्ड केलेलं उपाशीपोटी ऐकायचं नाही हा त्याचा नियमच आहे. पोट रिकामं असलं की माणूस स्वतःवर फार चिडतो म्हणे.

ओडेसा त्याची बायको. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. तिनं तळलेली मासळी आणली होती, पांढरा पाव, तिखट सॉसची बाटली, बटाट्याचं सॅलड आणि लिंबाचा केक. ती आली की स्टुडिओचा दिवाणखाना होतो. मार्टीला तिनं दोनदा वाढलं, तो बारीक दिसतो म्हणून. टेरेन्सला विचारलं, बायको बरी आहे का. हॉरेसच्या पावातला काटा स्वतःच्या बोटांनी काढला, आणि मग बशा घेऊन माझ्याबरोबर मागच्या मोरीशी आली.

"कसं चाललंय?"

"छान."

"तुझं छान मला ठाऊक आहे. चर्चमधल्या सिस्टर परलीनच्या केकलाही छान म्हणाली होतीस."

मी बशी विसळली. ओडेसानं माझ्या हातातून घेऊन ती पुन्हा विसळली.

"शनिवारी त्यानं दोनदा दाढी केली," ती म्हणाली. "एकदा नाश्त्याआधी, एकदा नंतर. गाल लाल झाले. दुसऱ्यांदा करताना गुणगुणत होता, म्हणून मी काही बोलले नाही."

"हं."

"मंगळवारी डॉक्टरकडे जायचं होतं. मीच फोन करून पुढं ढकललं. त्याला वाटतं डॉक्टरनं ढकललं." पाणी बंद करून तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. ओडेसाचे डोळे चष्म्यामागं मोठे दिसतात, चुकवता येत नाहीत. "म्हटलं हे एवढं होऊन जाऊ दे. आजचा नि उद्याचा दिवस, व्हर्डेल. मग काय व्हायचं ते होवो. तू आहेस ना पियानोवर?"

"आहे ना."

"मग झालं." माझ्या गालावर तिनं ओला हात ठेवला. "त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली. म्हणजे मागितली इतरांकडे, पण रोज सांगितली मला."

ऐकायच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक मोडका सोफा. आम्ही सहाजण कसेबसे मावलो. हॉरेस मार्टीशेजारच्या खुर्चीत, डोक्यावर हॅट. रेकॉर्डिंग ऐकताना तो हॅट काढत नाही. ओडेसा दाराशी, केक कापायची सुरी हातात. समोरच्या काचेतून पलीकडची मोठी खोली दिसत होती, आमची वाद्यं, माइक, हॉरेसचं रिकामं स्टूल.

मार्टीनं सुरू केलं. हॉरेसनं डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलायला लागले. सुराबरोबर तो शब्द म्हणत होता, आवाज न करता. छत्री परत द्यायला आलो. कठड्याला अडकवून जातो. मी त्याच्या ओठांकडेच बघत होते. मूठ जरा झिजलीय. ती मीच झिजवली. तिथं तो स्वतःच्याच सुरावर किंचित हसला, आवडला असावा.

मग टेप मुखड्यात गेली. हॉरेसचे ओठ गेले नाहीत.

"त्या दिवशी," तो हळूच, पण ऐकू येईल असं म्हणत होता, "आपण दोघं एका छत्रीत मावलो नाही. तुझा एक खांदा भिजला, माझा एक. मधलं तेवढं कोरडं राहिलं..." आणि डोळे उघडले. स्पीकरमधून भलतंच येत होतं. "थांबव."

मार्टीनं थांबवलं.

"मागं घे. दुसऱ्या मुखड्यापासून."

पुन्हा लागलं. पुन्हा त्याचे ओठ त्या पावसात गेले आणि गाणं घरीच राहिलं.

"अंतरा कुठाय?" हॉरेसनं विचारलं.

"अहो, तुम्हीच तर..." मार्टी हौसेनं वळला.

"मार्टी, तुझी कॉफी जळतेय," लेम म्हणाला.

"यंत्रातली कॉफी कशी जळेल?"

"जळतेय म्हटलं ना."

"मी विचारतोय अंतरा कुठाय!" हॉरेसचा आवाज चढला नाही. त्याचा चढत नाही, उलट उतरतो. "गाण्याचं काळीज आहे ते. ते कापून काढलं तर उरलं काय? माझ्या आईनं हे गाणं म्हणत आम्हा चौघांना वाढवलं. मार्टी, आणखी एकदा. आणि कुणी बोलू नका."

तिसऱ्यांदा लागलं. या वेळी त्यानं मान तिरकी करून ऐकलं, आम्हा एकेकाला वेगळं काढून. तो कान अजून असा आहे, की बाजारात पडलेलं नाणं कुठल्या बाजूला पडलं ते सांगेल. आणि मलाही ते ऐकू आलं, वाजवताना आलं नव्हतं. तो वळायच्या केसभर आधी टेरेन्सचा सूर मुखड्यात जाऊन टेकला होता. साहजिकच होतं. हॉरेसनं शब्द म्हटले तेव्हाच टेरेन्सला कळलं होतं, आज अंतरा येणार नाही. म्हाताऱ्याला अंधारात पायरी सापडावी म्हणून त्यानं आधीच तिथं पाय रोवला होता. इतकं निगुतीनं सांभाळलं होतं आम्ही त्याला, की आमचं सांभाळणं त्याच्या चुकीच्या आधी पोचलं.

"टेरेन्स," हॉरेस म्हणाला.

"सर."

"बास आधी गेला. ऐकलंस? इथं. तू गेलास, मग मी तुझ्या मागं आलो."

टेरेन्सनं लेमकडे बघितलं, मग माझ्याकडे. सोफ्यावरून उठून उभा राहिला.

"हो सर. माझं चुकलं."

"त्याचं काही चुकलेलं नाही," लेम म्हणाला. "मी ढकलला त्याला. ब्रश अडकला माझा."

"तुझा ब्रश पन्नास वर्षांत कधी अडकलेला नाही, लेम."

"मग आज अडकला. माणूस आहे मी."

"कदाचित माइकमुळं असेल," मार्टी म्हणाला. माइकमुळं अंतरा कसा जाईल, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण एव्हाना काहीतरी त्याच्याही लक्षात आलं असावं. चांगला माणूस आहे.

"केक कापू का?" ओडेसानं विचारलं.

हॉरेसनं सगळ्यांकडे पाळीपाळीनं बघितलं. "आज सगळे एकदम इतके दिलदार कसे झालात?" मग टेरेन्सकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "बाळा, तू वाजवतोस चांगलं. तुझा सूर मोठा आहे. पण एक गोष्ट मी कधी चालवून घेतलेली नाही. घाबरणारा चालतो, उशिरा येणारासुद्धा एखादे वेळी चालतो. गाण्यात वाट विसरणारा माणूस माझ्या बँडमध्ये चालत नाही. ज्याला वाट माहीत नाही तो बाकीच्यांनाही चुकवतो. तुझं वाद्य भर. मार्टी, उद्याला दुसरा कुणीतरी बघ."

हा नियम त्यानं जन्मभर पाळला होता. कॅमडेनला एका लग्नात त्यानं एका ट्रम्पेटवाल्याला दोन गाण्यांच्या मध्ये घरी पाठवलं होतं, नवरीचा मामा असूनसुद्धा. या शहरात अशी बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळीकडे होते. हॉरेस डनमोरनं वाट विसरला म्हणून घरी पाठवलं. पुढं कुठंही उभा राहिला असता टेरेन्स, ते वाक्य त्याच्या शेजारी उभं राहिलं असतं.

"बरं सर," टेरेन्स म्हणाला. "तुमच्याबरोबर वाजवायला मिळालं, तेच खूप झालं." आणि ओडेसाला मान लवून, दार हळू लावून घेऊन तो पलीकडे गेला.

काचेतून तो दिसत होता. त्यानं बास आडवा केला, मानेवरून एकदा हात फिरवला, कापडी खोळ चढवायला घेतली. माइक चालूच होते. मार्टी बंद करायला विसरला होता. त्या खोळीची चेन ओढल्याचा आवाज आमच्या खोलीतल्या दोन्ही स्पीकरमधून एवढा मोठा आला, की ओडेसानं कानाला हात लावला.

लेम जमिनीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते, तो वर बघेल म्हणून. बघितलं नाही त्यानं.

"कुणीच काही बोलत नाही," हॉरेस म्हणाला. हॅट काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. कपाळावर तिचा वळ उठला होता. एकाएकी तो फार दमलेला दिसला, आणि त्याच वेळी फार हुशार, वर्गात सगळ्यात आधी उत्तर येणाऱ्या मुलासारखा, जो या वेळी मात्र हात वर करायला तयार नसतो. "पोरी, तू सांग. तू माझ्याशी कधी खोटं वाजवलेलं नाहीस. तो आधी गेला ना?"

दाराशी ओडेसानं मान हलवली. अगदी थोडी. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. उद्याचा एक दिवस.

मला एकच शब्द म्हणायचा होता. हो. हॉरेस मला कुठं नेत होता ते उघड दिसत होतं. बाविसेक वर्षं तो ज्या बाजूला वळला त्या बाजूला मी वळले होते, विचार न करता, वळायला आवडायचं म्हणून. त्याच्यामागून जाण्यातच माझं सगळं वाजवणं होतं, मला दुसरं काही येत नाही. म्हटलं असतं हो, तर उद्या दुसरा कुणी बासवाला आला असता, चांगला असता, वाट पाठ असलेला. हॉरेसनं अंतरा गाळला असता आणि तो मात्र अंतऱ्यात गेला असता, एकटाच. मग हॉरेसनं त्यालाही घरी पाठवलं असतं. मग लेमला. मला सगळ्यात शेवटी पाठवलं असतं, आणि पाठवताना त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं असतं. रिकाम्या खोलीत तो एकटा बसून राहिला असता, इतकी चांगली माणसं एकाएकी वाट कशी विसरायला लागली याचा विचार करत.

पलीकडे चेन थांबली होती. टेरेन्स बास खांद्यावर घेत होता.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"तो आधी गेला नाही. आधी पोचला. तुम्ही कुठं जाणार ते त्याला माहीत होतं, म्हणून."

"कसं माहीत होतं?"

"आम्हा सगळ्यांनाच माहीत असतं."

"व्हर्डेल," ओडेसा म्हणाली.

हॉरेसनं हात वर करून तिला थांबवलं. माझ्याकडे बघत राहिला. आवाज काय तो त्याच्या श्वासाचा होता, आणि या वेळी तो मोठा होता की छोटा, ते मी ऐकायचं नाही असं ठरवलं.

"वर्ष झालं," मी म्हटलं. "टेरेन्स नाही, लेम नाही. तुम्ही विसरायला लागला आहात, हॉरेस."